तीन पिढ्या, एक जहाज: समुद्रातल्या दिवसांत सगळ्यांनी मिळून काय करता येईल?

पाऊलवाट

नमस्कार. आम्ही नऊ जण पहिल्यांदाच क्रूझवर निघालोय, सात रात्रींसाठी. सासरे ७४ (गुडघा दुखतो, काठी घेऊन चालतात), सासूबाई ६८, आम्ही दोघं, नणंद आणि तिचे यजमान, माझा १४ वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची मुलगी आणि नणंदेचं २० महिन्यांचं बाळ.

सातातले तीन दिवस जहाज कुठल्याच बंदराला लागणार नाही. त्या तीन दिवसांचं मला टेन्शन आलंय. मी बसून तासातासाचा तक्ता केला, पूल, खेळ, शो, सगळं नऊ जणांनी एकत्र करायचं असा. मुलाने तो वाचला आणि म्हणाला, "मी यातलं काहीच करणार नाहीये." सासरे म्हणाले, "तुम्ही फिरा, मी केबिनमध्ये वाचत पडेन." ते ऐकून फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठीच तर एवढा घाट घातलाय. अनुभवी लोकांनी सांगा, नऊ जणांना एकत्र करता येईल असं जहाजावर काय असतं?

---

शिडाची_होडी

पाऊलवाट ताई, मी चार वर्षं जहाजांवर किड्स क्लबमध्ये (मुलांना सांभाळून खेळवतात त्या खोलीत) काम केलंय. तुमच्यासारखी कुटुंबं दर आठवड्याला बघायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो तक्ता रद्द करा. नऊ जणांना दिवसभर एकत्र ठेवलं की सगळे सर्वांत लहान बाळाच्या वेळेने चालायला लागतात आणि दुपारपर्यंत सगळ्यांचीच चिडचिड होते. दिवसातून एकदाच भेटायचं, पण ती वेळ आणि जागा ठरलेली हवी. संध्याकाळचं जेवण त्यासाठी उत्तम. जेवणाची लवकरची वेळ मागून घ्या, बाळ झोपेला येण्याआधी उरकतं. तिथे प्रत्येक जण वेगवेगळं काहीतरी करून आलेला असतो, त्यामुळे बोलायला विषय असतात.

आता मुलीचं. किड्स क्लबमध्ये वयाचे गट असतात, बहुतेक कंपन्यांत साधारण ३ ते ५, ६ ते ८, ९ ते ११ असे. तुमची लेक ६ ते ८ मध्ये जाईल. नोंदणी पहिल्याच दुपारी करा. त्या वेळी खोली सगळ्यांना बघायला खुली असते. मूल आईबाबांचा हात धरून ती एकदा हिंडलं की दुसऱ्या दिवशी निम्मी भीती गेलेली असते. फॉर्मवर ॲलर्जी लिहा, औषध लिहा, आणि तिला घरी कुठल्या नावाने हाक मारता तेही लिहा. रडणाऱ्या मुलाला घरच्या नावाने हाक मारली की ते मान वर करून बघतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. न्यायला कोण येणार त्यांची नावं द्यावी लागतात, त्यात आजी-आजोबांचीही घाला.

सोडताना एक पथ्य पाळा. "मी अमुक वाजता येते" म्हणा, निघा, आणि त्याच वेळेला या. दारातून डोकावू नका. आईचा चेहरा खिडकीत दिसला की शांत झालेलं मूल परत रडायला लागतं, मग आमची वीस मिनिटं ते पुन्हा रमण्यात जायची. खरंच रमलं नाही तर आम्ही फोन करतोच. पहिल्या दिवशी एक तास पुरे.

बाळाचं मात्र नीट बघून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांना बहुतेक क्लब आईबाबांशिवाय ठेवून घेत नाहीत. काही जहाजांवर वेगळं पाळणाघर असतं (डिस्ने आणि रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपन्यांच्या बऱ्याच जहाजांवर आहे), पण त्याचे पैसे तासावर पडतात आणि जागा लवकर भरतात. दुसरं म्हणजे, डायपर लावणाऱ्या बाळांना बहुतेक जहाजांवर पूलमध्ये जाऊ देत नाहीत. पोहण्याचा वेगळा डायपर असला तरी नाही. काही जहाजांवर त्यांच्यासाठी पाण्याच्या कारंज्यांची निराळी जागा असते. नणंदेला हे आत्ताच सांगा. पहिल्या दिवशी पोहायचे कपडे घालून पूलच्या कडेवरून परत फिरणारी कितीतरी बाळं मी पाहिलीत.

घसरगुंड्या, भिंतीवर चढणं वगैरे बंदराच्या दिवसासाठी राखून ठेवा. अर्धंअधिक जहाज खाली उतरलेलं असतं, रांगाच नसतात. समुद्रातल्या दिवशी पूलवर सकाळी दहानंतर पाय ठेवायला जागा मिळत नाही. वारा वाढला तर भिंत बंद करतात, लाटा मोठ्या असल्या तर पूलही रिकामा करतात. तेव्हा त्या एका गोष्टीवर मुलांचा सगळा दिवस टांगून ठेवू नका. मोठ्या शोचं तिकीट बहुतेक वेगळं नसतं, तरी बऱ्याच जहाजांवर जागा जहाजाच्या ॲपवर आधी राखून ठेवाव्या लागतात. चढल्या चढल्या तेवढं एक करून टाका.

आणि मस्टर ड्रिल. संकटात कुठे जमायचं ते दाखवणारी कवायत. तिला सगळ्यांनी गेलंच पाहिजे. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ती घेणं जगभर बंधनकारक आहे. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही खूण सहा वर्षांच्या मुलीलाही पाठ करून घेता येते. क्लबमध्ये तिच्या हाताला पट्टी बांधतात, तिच्यावर जमायच्या जागेचा क्रमांक असतो. ती क्लबमध्ये असताना भोंगा झाला तर तिला कोण कुठे आणणार, हे नोंदणीच्या वेळी तोंडी विचारून घ्या.

---

पाऊलवाट

ताई, डायपरचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नणंदेला लगेच कळवलं. मुलगी क्लबमध्ये रमेल असं आता वाटायला लागलंय. मुलाचं आणि सासऱ्यांचं मात्र तसंच आहे.

---

दोन_लेकांचा_बाबा

मुलाबद्दल माझ्या थोरल्याचा अनुभव सांगतो, तोही तेव्हा १४ चाच होता. किशोरांची खोली निराळी असते, काही ठिकाणी १२ ते १४ आणि १५ ते १७ असे गट. तिथे त्याला पहिल्याच रात्री पाठवा. ओळखी पहिल्या रात्रीच होतात, तिसऱ्या दिवशी गेलेला मुलगा एकटा पडतो. आमचा "अर्धाच तास जाईन" म्हणून गेला आणि झोपायच्या वेळेला परत आला.

रात्री किती वाजता केबिनमध्ये यायचं ते आधीच ठरवा. बाल्कनीच्या कठड्यावर चढायचं नाही, बसायचं नाही, ही अट घालताना आवाज चढला तरी चालेल. बाकी त्याला मोकळं सोडा.

त्याला जहाजावरच्या कृत्रिम लाटेवर फळी घेऊन तोल सांभाळायचा खेळ आवडणार असेल तर उंची मोजून ठेवा. रॉयल कॅरिबियनवर फळीवर पालथं पडून करायला १३२ सेंटिमीटर आणि उभं राहायला १४७ सेंटिमीटर लागते. माझा धाकटा थोडक्यात कमी पडला आणि पूर्ण सकाळ हिरमुसून बसला होता.

---

दुर्बीण

पाऊलवाट, मी स्वतः ७२ वर्षांचा आहे. "तुम्ही फिरा, मी वाचत पडेन" हे वाक्य मीही म्हटलेलं आहे, म्हणून लिहितो आहे. माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला वाचायचंच असतं असं नाही. त्याला वाटत असतं की माझ्या पायामुळे सगळ्यांना थांबावं लागेल.

त्यांना "येणार का?" असं विचारू नका, एखादं काम सोपवा. मी नातवंडांबरोबर केलेलं सांगतो. केबिनमधल्या टीव्हीच्या एका वाहिनीवर जहाज कुठे आहे, वेग किती, वारा किती, हे सारखं दिसत असतं. घरून एक मोठा कागदी नकाशा न्या. रोज दुपारी बारा वाजता आजोबांनी आकडे वाचायचे आणि नातीने टिंब काढायचं. बऱ्याच जहाजांवर कॅप्टन दुपारी स्वतः घोषणा करून जागा सांगतात, तेव्हा ताडूनही बघता येतं. वेग नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. हा गुणाकार चौदा वर्षांच्या मुलाकडे द्या. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, हे कळल्यावर माझा नातू म्हणाला, "मग सायकलने जहाजाला गाठता येईल!" त्यावरून आमचा अर्धा तास वाद रंगला.

दुसरी गोष्ट जहाज बंदरात शिरतानाची. ती बघायला पहाटे उठावं लागतं, पण वयस्कर माणसं आणि तान्ही बाळं तशीही जागीच असतात. एक छोटी होडी जहाजाच्या अंगाला येऊन भिडते आणि जहाज चालत असतानाच तिच्यातून त्या बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला आत शिरायची वाट दाखवणारा माणूस, बाजूच्या दारातून किंवा शिडीवरून वर चढतो. अंधार असेल तर होडीवर पांढरा दिवा वर आणि लाल खाली दिसतो. पायलट वर आला की अर्धं पांढरं, अर्धं लाल असं निशाण चढवतात. ते निशाण आधी कुणाला दिसतं, ही आमच्या घरातली रोजची पैज असायची. बाळापासून आजोबांपर्यंत नऊच्या नऊ जण कठड्यापाशी उभे राहू शकतील असा हा एकच कार्यक्रम मला माहीत आहे. सासऱ्यांसाठी बसायला खुर्ची मात्र आधी शोधून ठेवा.

गुडघ्याचं म्हणाल तर जहाजावर लांब असतात ते बोळ. लिफ्टजवळची केबिन घ्या, शक्यतो जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर. तिथे हेलकावे कमी लागतात, आणि काठी घेऊन चालणाऱ्याला त्याचा फार फरक पडतो. मळमळीच्या गोळ्या सोबत घेणार असाल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, आणि गुंगीत तोल जाणं त्यांना परवडणारं नाही.

जमलं तर जहाजाचा मजल्यांचा नकाशा आत्ताच त्यांच्या हातात द्या. तुम्ही काही सांगू नका, त्यांनाच बघू दे.

---

शिडाची_होडी

दुर्बीण काका, पायलटचं वाचून फार छान वाटलं. पहाटेची ड्यूटी असली की मीही त्याच कठड्याशी जायचे.

ताई, सासूबाईंबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. बाळाला सांभाळायचं काम आपोआप त्यांच्यावर पडू देऊ नका. असं दर फेरीला होतं. सकाळी नाचाचे वर्ग असतात, टॉवेलच्या घड्यांतून प्राणी करायला शिकवतात, पत्त्यांची खोली असते. त्यांना काय आवडेल ते त्यांनाच विचारा आणि तो तास त्यांचा ठेवा.

---

पाऊलवाट

काल रात्री नकाशा सासऱ्यांना दिला. चष्मा लावून तासभर बसले होते. पेन्सिलीने लिफ्टवर गोल केलेत आणि आमच्या केबिनपासून वाचनालयापर्यंतचे दरवाजे मोजलेत. म्हणाले, "ही अगदी पुढच्या टोकाला आहे, मधली मिळते का विचार." सकाळी विचारलं, दोन मजले खाली मधली एक शिल्लक आहे, बदलून घेतेय. मोठा कागदी नकाशा ते स्वतःच शोधून आणणार आहेत.

सासूबाईंना विचारलं तर आधी "मला काय, कुठेही चालेल" म्हणाल्या. जेवताना म्हणाल्या, नाचाच्या वर्गाला नुसतं बघायला बसू देतात का?

---

शिडाची_होडी

देतात. पहिल्या रांगेतली खुर्ची धरायला सांगा, शिकवणारे तिथूनच माणसं उठवतात.