१४ एप्रिलच्या टी-शर्टची छपाई दोन धुण्यात निघाली, आता काय करू?

छपाईवाला_दारव्हा
नमस्कार भाऊ लोकहो, दारव्ह्याजवळच्या गावात घरच्या पडवीतच दीड वर्षापासून टी-शर्ट छापून रायलो, डिझाईन कॉम्प्युटरवर कोरल सॉफ्टवेअरमध्ये मी करतो अन् छपाईले मी आणि बायको दोघं. यंदा जयंतीसाठी बाजूच्या गावच्या पोरायनं ६० निळे टी-शर्ट करून घेतले, समोर अशोकचक्र मागे मंडळाचं नाव, पांढरी रबर पेस्ट, म्हणजे कापडावर छापायची घट्ट शाई. मिरवणुकीत लय भारी दिसले. आता चार दिवसांपासून फोन येऊन रायले, दोन धुण्यात अक्षरायचे पापुद्रे निघाले म्हणतात. छपाई गरम करून दाबायची मशीन, हीट प्रेस, नाही माझ्याजवळ, वरून कागद ठेवून घरच्या इस्तरीनं दाबले, अन् त्या रात्री लाईन गेली तर शेवटचे वीसेक नुसते उन्हात वाळवून दिले. पोरायनं वर्गणी करून पैसे दिले, काहीनं मजुरीतून. चुकलं कुठं?

स्क्रीन_वणी
भाऊ, पेस्ट वाळली पण पकली नाही. उन्हात त्यातलं पाणी उडते, हाताले कोरडी लागते, पण त्यातल्या बाईंडरले, म्हणजे चिकटवणाऱ्या भागाले, धाग्याले धरायले उष्णता पायजे, बहुतेक रबर पेस्टले १५० डिग्रीच्या आसपास काही मिनिटं, नेमकं डब्यावर लिहिलं असते. आपलं ४५ डिग्रीचं ऊन त्याच्यापुढं काहीच नाही. इस्तरी सरकत रायते म्हणून एक अक्षर पकते अन् बाजूचं कच्चं. फिक्सर, म्हणजे छपाई पक्की करायचं रसायन, पेस्टमध्ये टाकलं होतं का? टाकलं असन तर ती पेस्ट त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायची नाही.
आणखी एक, कापडाचा धागा जाळून पाहा. कॉटन कागदासारखं जळून राख होते, पॉलिस्टर आकसून टणक मणी बनते. पॉलिस्टर निघालं तर जास्त तापवल्यावर कापडाचा निळा रंग पांढऱ्यात चढते, त्याले वेगळी लो-ब्लीड शाई लागते.
लाईनचं म्हणाल तर प्रेस घरच्या इन्व्हर्टरवर ओढत नाही. पण पाण्यावरच्या रबर पेस्टचा हाच फायदा, दिवसा छापून वाळवून ठेवायचं, लाईन आली की पकवायचं. प्लास्टिसोल नावाच्या प्लास्टिकच्या शाईचं तसं नाही, ती गरम केल्याशिवाय ओलीच रायते.

जुना_छापखाना_पुसद
मी लग्नपत्रिकेच्या स्क्रीन छपाईपासून (जाळीतून शाई उतरवायची छपाई) सुरुवात केली, कापडावर नंतर आलो, म्हणून सांगतो. आधी पोरायले फोन करा अन् सगळे टी-शर्ट परत मागवा. जे अजून धुतले नाही ते आताही वाचतात, यवतमाळात कोणाजवळ प्रेस असन तर पीसमागे पैसे देऊन पकवून घ्या. जे निघाले त्यावर पुन्हा छापायच्या भानगडीत पडू नका, जुन्या अक्षरावर नवीन अक्षर बसत नाही, कडा दुहेरी दिसतात. ते नवीनच द्या, पदरचे गेले तरी. त्या पोरायच्या घरी वर्षभर तो टी-शर्ट अंगावर रायते, त्यावर बाबासाहेबाच्या जयंतीचं नाव हाय. ते निघून चालत नाही बापा.

छापघर_ताई
काका बरोबर बोलले. मी एक सवय लावून घेतली, नवीन पेस्ट किंवा नवीन कापड आलं की आधी एक पीस छापून गावात धुतात तसाच धुते, सोडा-साबण, दगड, ब्रश, पाच वेळा. मशीनच्या धुण्यावर भरवसा ठेवू नका, आपलं गिऱ्हाईक दगडावर धुते. मे महिन्यात छपाई सकाळी नवाच्या आत उरका, दुपारच्या झळीनं पेस्ट स्क्रीनच्या जाळीतच सुकते अन् मग बारीक अक्षरं बुजतात. आन दरात स्क्रीन, वाया जाणारे पीस आणि प्रेसची लाईट धरा, तुम्ही धरली नसन असं वाटते.

छपाईवाला_दारव्हा
धागा जाळला, मणी झाला, म्हणजे कापडात पॉलिस्टर हाय, निदान कॉटन-पॉलिस्टर मिक्स तरी. फिक्सर आदल्या दिवशीच्या उरलेल्या पेस्टमध्ये होतं, तीच वापरली मी. २३ टी-शर्ट अजून धुतले नाही म्हणे, उद्या मोटरसायकलनं जाऊन गोळा करतो. पॉलिस्टरवालं कापड हाय तर पहिले एकच पीस पकवून रंग चढते का पाहतो, मग बाकीचे. उरलेल्यांसाठी नवीन कॉटन आणतो, यावेळी जाळून पाहूनच.