शहापुरातील जुन्या घरात तीन एसी: १६ च्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवावा का?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)
नमस्कार. आमचे घर आजोबांच्या वेळचे असून वीज कंपनीकडून मंजूर भार ३ किलोवॅट, सिंगल फेज आहे. माडीवर दीड टनाचे दोन इन्व्हर्टर एसी पूर्वीपासून आहेत. यंदा वडिलांच्या आजारपणामुळे त्यांच्या खोलीत एक टनाचा तिसरा एसी बसवला आणि तोही माडीच्याच लाइनवर जोडला. तेव्हापासून तिन्ही एसी सुरू असले की तास-दीड तासाने त्या लाइनचा १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. लाइनची वायर २.५ स्क्वेअर एमएम जाडीची आहे. आमचे वायरमन ३२ अँपिअरचा एमसीबी बसवू म्हणतात. वडिलांना रात्रीचा उकाडा सहन होत नाही, त्यामुळे काळजी वाटते. काय करावे?

उत्तर १ (निपाणी)
मी वायरिंगचीच कामे करतो. ३२ चा एमसीबी कृपया बसवू देऊ नका. एमसीबी राखण करतो ती भिंतीतल्या वायरीची, एसीची नव्हे. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना साधारण ७ अँपिअर आणि एक टनाचा साधारण ५ अँपिअर घेतो, म्हणजे तुमच्या एकाच लाइनवर १९ अँपिअर झाले आणि पाइपातून गेलेल्या २.५ च्या तांब्याच्या वायरीची ती जवळजवळ शेवटची मर्यादा आहे. ३२ चा एमसीबी असेल तर वायर तापत राहील, तिचे आवरण कडक होऊन तडकेल आणि एमसीबी मात्र पडणार नाही. सध्या तो पडतो, म्हणजे आपले काम चोख करतो आहे.

आज रात्रीपुरते वडिलांचा आणि दुसरा एकच एसी चालवा. पुढे प्रत्येक एसीला मेन बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन, स्वतंत्र सी-टाइप (सुरू होतानाचा क्षणिक जादा करंट सोसणारा) एमसीबी, घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि तपासलेले अर्थिंग घ्या. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी कधीही लावू नका. मेन बंद करून एसीचे प्लग काढून पाहा; पिनेभोवती प्लास्टिक तपकिरी झाले असेल तर सॉकेट बदलायलाच हवे, कारण सैल पकडीत भार कमी असतानाही उष्णता साठते.

तरीही मूळ अडचण उरते. तीन एसींचे १९ अँपिअर आणि घरात असतील तर २ किलोवॅटच्या गीझरचे ९ व एक एचपीच्या पाण्याच्या मोटारीचे ५ असा हिशेब ३३ अँपिअरवर जातो. तुमचा मंजूर भार ३ किलोवॅट, म्हणजे जेमतेम १३ अँपिअर. परवानाधारक ठेकेदाराकडून हेस्कॉमच्या (आपल्या वीज कंपनीच्या) उपविभागात भार वाढवण्याचा अर्ज करा आणि तो मंजूर होईपर्यंत तिन्ही एसी एकदम चालवू नका. नळाला रात्री पाणी आले की मोटार लावण्यापूर्वी एक एसी बंद करायची सवय घरातल्या सर्वांना लावा. मोटार सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट खेचते.

उत्तर २ (खानापूर)
वरील उत्तराशी पूर्ण सहमत. एकच भर घालतो. भार वाढवताना थ्री फेज मिळाले, तर एसी तीन फेजांवर वाटून घ्या आणि न्यूट्रलचा (करंट परत नेणाऱ्या तारेचा) जोड स्वतः उभे राहून घट्ट करून घ्या. आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात न्यूट्रलचा स्क्रू सैल होता. पुढच्या खोलीतले दिवे मंद झाले आणि मागच्या खोलीतला पंखा अचानक पिसाटल्यासारखा फिरू लागला. मेन बंद करेपर्यंत टीव्ही आणि राउटर जळाले होते. न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो.

उत्तर ३ (टिळकवाडी)
वळवाच्या पावसात लाइट जाते आणि परत येते तेव्हा सगळे एसी एकदम सुरू होतात. तुमच्या एसीत ऑटो रिस्टार्टची (वीज परत आली की आपोआप सुरू होण्याची) सोय बंद करता येत असेल तर ती माडीवरच्या दोन जुन्या एसींची बंद ठेवा, वडिलांच्या एसीची चालू राहू द्या. बाकीचे एसी तीन-चार मिनिटांच्या अंतराने हाताने लावा. २६ अंशांवर पंख्यासह खोली पुरेशी गार राहते आणि करंटही कमी लागतो. गृहज्योतीचा (कर्नाटक सरकारच्या मोफत वीज योजनेचा) लाभ घेत असाल तर हेही लक्षात घ्या, की महिन्याला २०० युनिटांच्या पुढे गेल्यास त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. मेन बंद करून प्लग काढून पाहिले. वडिलांच्या खोलीतल्या सॉकेटभोवती खरोखरच तपकिरी कडे होते, ते आजच बदलले. त्या एसीची स्वतंत्र लाइन रविवारी टाकतो आहोत आणि भारवाढीचा अर्ज सोमवारी देणार आहे. तोपर्यंत माडीवरचा एक एसी बंद राहील.