सी टू प्रोफिशियन्सीच्या आर्टिकलला साचा पाठ करून जावं का? मला तर अजिबात पटत नाही

गंगावेसकरीण:
कोल्हापुरात घरीच इंग्रजी शिकवते, केंब्रिजच्या सी टू प्रोफिशियन्सीची, म्हणजे त्यांच्या इंग्रजीच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं येतात. रायटिंगच्या दुसऱ्या भागात आर्टिकल (मासिकातल्यासारखा लेख), लेटर, रिपोर्ट, रिव्ह्यू यातलं एक लिहायचं, २८० ते ३२० शब्द. बरीच पोरं आर्टिकल घेतात आणि सुरुवात सगळ्यांची एकच, 'हॅव यू एव्हर वंडर्ड', मग कुणातरी थोर माणसाचं वाक्य (ते बऱ्याचदा त्याचं नसतंच), मग दोन फायदे दोन तोटे आणि शेवटी 'ऑल इन ऑल'. कुठल्यातरी क्लासची छापील शीट फिरतेय म्हणे. बंद करा हे.

परवा विषय दिलेला, तुमच्या गावात अजून टिकून असलेली जुनी गोष्ट. एकीनं पानभर लिहिलं की रंकाळा हे सौंदर्याचं प्रतीक आहे. तिला म्हटलं तू रोज संध्याकाळी काय बघतीस ते सांग, तर म्हणाली घराजवळच दूध कट्टा आहे, म्हशी आणून उभ्या करतात, समोरच धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात, तालमीतनं सुटलेली पोरं उभ्या उभ्या पितात, ग्लास गरम असतो. अगं मग हेच लिही की! 'ग्लास गरम असतो' हे पहिलं वाक्य घे, वाचणारा पुढं वाचणारच, गरम कशानं ते त्याला कळायला नको?

पेठेतलं_पोरगं:
मॅडम, पटलं नाही. दीड तासात दोन लिखाणं काढायची, त्यात पहिला निबंध २४० ते २८० शब्दांचा, दोन उतारे वाचून त्यातले मुद्दे गोळा करून त्यावर आपलं मत, तिथंच निम्मा जीव जातो. नंतर डोकं चालंना झालं की साचाच हात देतो. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत, घरात इंग्रजी बोलणारं कोण नाही, फी भरताना वडिलांनी दोनदा विचारलं खरंच गरज आहे का. ज्यांना लहानपणापासून इंग्रजी कानावर आहे त्यांना सुचतंय आपोआप, आमच्यासारख्यानं रिकाम्या हातानं जायचं का?

गंगावेसकरीण:
रिकाम्या हातानं नकोच. पण मार्क कशावर आहेत बघ. कंटेंट, कम्युनिकेटिव्ह अचीव्हमेंट, ऑर्गनायझेशन, लँग्वेज, प्रत्येकी ५. त्यातल्या दुसऱ्यात बघतात की वाचणाऱ्याचं लक्ष सहज धरून ठेवलंय का. जे वाक्य परीक्षकानं शेकडो पेपरात वाचलंय त्यानं लक्ष कसं धरणार? शिवाय पाठ केलेली सुरुवात झकास आणि तिसऱ्या ओळीपासनं तुझी स्वतःची भाषा, हा सांधा लगेच दिसतो रे. आणि मराठी शाळेतल्या पोरांकडं सांगायला कमी असतं हे तर मला मुळीच मान्य नाही.

आयेल्ट्सवाला_दादा:
मूळ दुखणं वेगळंय. आपल्याकडं बरेच जण आधी आयेल्ट्स, म्हणजे परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा करतात, तिथं रायटिंगच्या दुसऱ्या प्रश्नाला किमान २५० शब्दांचा निबंध, आर्टिकल हा प्रकारच नाही, त्यामुळं मुद्दा-कारण-उदाहरण हा कोरडा सूर हातात बसतो आणि तोच आर्टिकलला लावला जातो. आर्टिकल मासिकासाठी असतं, त्याला शीर्षक लागतं, वाचकाशी थेट बोलावं लागतं. आणि सी वन अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे केंब्रिजचीच एक पायरी खालची परीक्षा देणाऱ्यांनी आर्टिकल घोकत बसू नये, २०१५ पासून तिथं ते नाहीच, लेटर किंवा ईमेल, प्रपोजल, रिपोर्ट, रिव्ह्यू एवढंच येतं.

पुण्यात_पण_कोल्हापूरची:
गंगावेसकरीण ताई, दूध कट्टा वाचून घरची आठवण आली, पण परीक्षकाला तालीम काय न् कट्टा काय? समजा प्रश्नात तीन गोष्टी विचारल्यात आणि पोरगी म्हशीच्या वर्णनातच १५० शब्द घालवून बसली तर कंटेंटचे मार्क गेले. साचा निदान सगळे मुद्दे घ्यायला लावतो.

गंगावेसकरीण:
मुद्द्यांचं बरोबर आहे, म्हणूनच आधी प्रश्नाखाली रेघा मारायला लावते आणि प्रत्येक मुद्द्याला एक डोळ्यानं बघितलेली गोष्ट लिहून घेते, मग पेन चालवायचा. तालीम म्हणजे काय ते त्याच वाक्यात सांगता येतं, कुस्तीगीर पहाटे मातीत उतरतात ती जागा, झालं, कंस नको टीप नको. परक्या वाचकाला आपलं गाव दाखवता येणं हीच तर सी टूची भाषा.

पेठेतलं_पोरगं:
रेघा मारायचं करून बघतो, आणि सुरुवातीचं पाठ केलेलं वाक्य सोडतो एकवेळ. पण परिच्छेद जोडायचे शब्द मी घोकूनच जाणार, त्याबद्दल काय म्हणाल ते म्हणा. आणि पेपरात आर्टिकलचा विषय बघून काहीच डोळ्यापुढं आलं नाही तर सरळ रिपोर्ट घेणार, त्याला हेडिंगं तरी असतात.