'द्विभाषिक' बालकविता की 'दुभाषी'? आणि घरचे शब्द कंसात घालावेत का?

देवगड (प्राथमिक शिक्षिका): तिसरीच्या वर्गासाठी दोन भाषांतल्या कविता जमवते आहे. वर्गात बहुतेक मुलं मालवणी बोलणारी. काही चिरेखाणीवर आलेल्या कानडी घरांतली, काही आंब्याची कलमं राखणाऱ्या नेपाळी घरांतली. एकमेकांचं बोलणं, खाणं, सण कळावेत एवढाच हेतू. वहीवर नाव काय घालू? 'द्विभाषिक', 'द्वैभाषिक' की 'दुभाषी'? आणि कविता पुस्तकी मराठीत ठेवून घरचे शब्द कंसात दिले तर चालेल का?

मालवण: 'दुभाषी' नको. दुभाषी म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला उलगडून सांगणारा माणूस. 'द्वैभाषिक' म्हटलं की वडीलधाऱ्यांना १९५६ ते १९६० चं मराठी-गुजराती मिळून केलेलं मुंबई राज्य आठवतं, आणि तेही काही प्रेमाने नव्हे. 'द्विभाषिक' ठीक. मुलांसाठी नुसतं 'आपल्या सगळ्यांची गाणी' म्हटलंत तरी कोणाचं काय बिघडतंय?

रत्नागिरी: मालवणी ही बोली ना? मग मालवणी आणि मराठी मिळून 'द्वि' कसं काय?

मालवण: कोणी तिला मराठीची बोली धरतं, कोणी कोकणीची. कोकणी १९९२ साली राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत गेली, तरी हा वाद आहे तिथेच आहे. 'माका' म्हटलं की पोराला 'मला म्हण' असं ऐकावं लागतं, तेवढं 'द्वि' वर्गापुरतं पुरे.

वेंगुर्ला: नावापेक्षा बाईंचा दुसरा प्रश्न मोठा आहे. कंस अजिबात नको. कंसातला शब्द म्हणजे ओटीवर बसवलेला पाहुणा, त्याला माजघरात कोणी बोलावत नाही. घरचा शब्द यमकाच्या जागी बसवा, म्हणजे तो काढताच येणार नाही. आत्ता जुळवलेल्या दोन ओळी:

चाहूल लागली, पळाली कुर्ली,
वाळूत नुसती नक्षी उरली.

इथे 'खेकडा' घालून बघा. यमक तर गेलंच, वर 'पळाली'चं 'पळाला' करावं लागतं, कारण कुर्ली स्त्रीलिंगी आणि खेकडा पुल्लिंगी. तसंच 'चेडू'. पुस्तकातली मुलगी 'आली', आमच्याकडे मात्र 'ता चेडू इला', चक्क नपुंसकलिंगी. मुलांना हे व्याकरण म्हणून शिकवलं तर जांभया येतील, ओळ म्हणताना अडलं की आपणहून विचारतात.

यमक क्रियापदावर ठेवलं तर मात्र काहीच घडत नाही. 'पावस इलो, भिजान गेलो'चं 'पाऊस आला, भिजून गेला' होतं आणि यमक शाबूत राहतं. पोरं भाषांतर करून मोकळी. म्हणून माझं मत, कडवं नामावर बेता, आणि शक्यतो खाण्याच्या किंवा धरण्याच्या वस्तूच्या नामावर.

अलिबाग: आमच्याकडे ती चिंबोरी.

बाजारात निघाली चिंबोरी,
नांग्यांना तिच्या सुतळीची दोरी.

मालवण: दोरी झकास! पण वेंगुर्लेकर, ओहोटीला वाळूत गोळ्यांची नक्षी काढतात ते बारके खेकडे. त्यांना कुर्ली कोण म्हणतं? कुर्ली म्हणजे रशातली.

वेंगुर्ला: हीच हरकत वर्गात गाबितवाड्यातलं, म्हणजे मासेमारांच्या वाडीतलं पोर घेईल. घेऊ द्या. कुठल्या खेकड्याला काय म्हणतात ते त्याच्याकडूनच फळ्यावर लिहून घ्या. त्या दिवशी बाकीच्यांनी त्याच्याकडून शिकायचं.

चिपळूण: दोन भाषा एका रचनेत आणणं ही नवी टूम नव्हे. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात तुर्क हिंदुस्तानीत बोलतो, हिंदू मराठीत. दोघं एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ उलटतपासणी करतात आणि शेवटी आलिंगन देतात. शाळेत वैविध्य शिकवायचं म्हटलं की आपण मधलं भांडण गाळतो आणि आलिंगनाचं चित्र तेवढं भिंतीवर लावतो. कवितेत थोडी कुरबुर राहू दे. मुलांना तीच आवडते.

रत्नागिरी: पटलं. पण नेपाळी-कानडी मुलांचं काय? मालवणी विरुद्ध पुस्तक एवढ्यातच सगळं आटपलं, तर ती पोरं पुन्हा मागच्या बाकावरच.

देवगड (शिक्षिका): आज वर्गात विचारलं. नेपाळीत खेकड्याला 'गँगटो' म्हणतात. शेवटचा 'ओ' ऐकून मालवणी पोरं एकदम खूष, 'आमच्यासारख्या बोलतंस रे!' मग फळ्यावर जोड्या लागल्या: माझो–मेरो, काळो–कालो. पुस्तकातला 'माझा' आणि 'काळा' बाजूला एकटे पडले. एरवी गप्प असणारा नेपाळी मुलगा तास संपेपर्यंत शब्द सांगत होता. कानडीत 'एडी'. ती 'बेडी'शी जुळते, तेव्हा अलिबागकरांची दोरी उसनी घेऊन पुढचं कडवं बांधते आहे. एक शंका, 'कुर्ली'चं अनेकवचन 'कुर्ल्या' लिहू की 'कुर्ल्यो'?

मालवण: कुर्ल्यो. आणि 'बेडी'च्या ओळीत मात्रा मोजून घ्या, बाई. पोरं टाळ्या वाजवत म्हणणार, तिथे ठेका चुकला की लगेच कळतो.