अहल्येला 'बंडखोर' करून नक्की काय साधलं?

जुनाखोड:
रामनवमीपासून एक पोस्ट फिरतेय. म्हणे अहल्येने इंद्राला ओळखून स्वतः निवडलं, ती पुराणातली पहिली स्वतंत्र बाई, आणि नवऱ्याच्या, गौतम ऋषीच्या, शापाने तिची शिळा झाली वगैरे पुरुषांनी मागाहून घुसडलं. खाली नुसत्या टाळ्या.
शिळेचं खरं आहे, आधीच मान्य करतो. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात ती दगड होत नाही. वारा खाऊन, राखेत पडून, कुणाच्या दृष्टीस न पडता तप करते, आणि राम-लक्ष्मणच तिच्या पाया पडतात. इंद्राला तिने ओळखलं होतं, हेही तिथेच आहे. पण उत्तरकांड उघडा की! तिथे ती गौतमाला सांगते, तो तुमचं रूप घेऊन आला, मला कळलं नाही, माझ्या इच्छेने झालेलं नाही. याला आपण आज काय म्हणतो? तिचं हे म्हणणं गाळून तिला बंडखोर करणारे आणि तिचा दगड करणारे, दोघेही तिचं तोंडच बंद करतायत.

मैथिली_ठाणे:
रामाने केलेल्या शंबूकवधाच्या धाग्यावर 'उत्तरकांड प्रक्षिप्त आहे, मागाहून जोडलंय' असं ठणकावून सांगणारे तुम्हीच ना? आज बरं कामाला आलं.

जुनाखोड:
पकडलंत. घ्या, एक गुण तुम्हाला.

तांब्याभांडं:
मुळात अहल्या पंचकन्यांत पहिली. रोज सकाळी 'अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी' म्हणणाऱ्या घरांना कुणी स्त्रीवाद शिकवायची गरज नाही.

खवट_काकू:
सीता नाही, कुंती.

तांब्याभांडं:
आमच्याकडे चार पिढ्या सीताच आहे.

खवट_काकू:
मग चार पिढ्या चुकतायत. सीतेला कशाला उगाच या रांगेत बसवता? बाकीच्या सगळ्यांच्या आयुष्यात दुसरा पुरुष आहे, कुंतीच बसते तिथे.

तांब्याभांडं:
मंदोदरीच्या आयुष्यात कोण होतं म्हणे?

खवट_काकू:
रावणानंतर बिभीषण. कीर्तनात डुलक्या काढल्या की असं होतं.

पाणिनीचा_पुतण्या:
मुळात 'पंचकन्या' हाच पाठ संशयास्पद. 'पञ्चकं ना स्मरेन्नित्यम्' असाही पाठ आहे. ना म्हणजे पुरुष, 'नृ'ची प्रथमा. माणसाने या पाचांचं नित्य स्मरण करावं, एवढंच. कन्या गेली, आणि 'कन्या म्हणजे स्वतंत्र स्त्री' या सिद्धांतावरचे लेखही गेले. वर जुने मीमांसक कुमारिलभट्ट यांनी इंद्र म्हणजे सूर्य आणि अहल्या म्हणजे रात्र असं लावून विषय कधीच मिटवलाय.

खवट_काकू:
बाईची गोष्ट अंगावर आली की तिची रात्र करून टाकायची, सोपं आहे.

जुनाखोड:
धागा अहल्येचा आहे हो, षष्ठी-प्रथमेचा नाही!

मैथिली_ठाणे:
बरं, अहल्येचंच बोलू. माझ्या आत्याला नवऱ्याने संशयावरून माहेरी आणून टाकलं. परसातल्या खोलीत 22 वर्षं काढली तिने. लग्नकार्याच्या एका फोटोत नाही ती. आजी पहाटे पंचकन्या म्हणायची, चुकवायची नाही, आणि आत्याचं ताट वेगळं वाढायची. त्यामुळे तांब्याभांडं, तुमच्या चार पिढ्यांचं मला सांगू नका. बालकांडातलं ते 'कुणाला न दिसता' वाचलं तेव्हा दगडापेक्षा तेच खरं वाटलं.

तांब्याभांडं:
वैयक्तिक दुःख आणलं की समोरच्याने गप्प बसायचं, ही छान युक्ती आहे.

खवट_काकू:
तुम्ही खरंच गप्प बसा.

जुनाखोड:
मैथिली, वाईट वाटलं वाचून. पण यातून पोस्टचा दावा सिद्ध होत नाही. आत्यांचं कुणावर मन होतं की नव्हतं, त्याने झाला तो अन्याय बदलतो का?

मैथिली_ठाणे:
होतं की नव्हतं, आम्ही कुणी तिला विचारलंच नाही. पोस्टवालीने निदान अहल्येला विचारलं.

जुनाखोड:
विचारलं नाही, उत्तर तोंडात कोंबलं. असो. गौतमापेक्षा बरी, एवढं मानतो.

तांब्याभांडं:
आईला फोन केला. सीताच म्हणते. तिला हा धागा वाचून दाखवला, तर विचारतेय, आत्याचं पुढे काय झालं.

मैथिली_ठाणे:
गेली. तेराव्याला नवरा येऊन जेवून गेला.