मुलीच्या पाठीचा बाक ५२ अंश. बरगड्याही कापाव्या लागतात का? (ठाणे/नवी मुंबई, सल्ला हवा)

ऐरोलीची_आई

नमस्कार. लेक चौदा वर्षांची आहे, नववीत. गेल्या दिवाळीला तिचा ब्लाउज शिवायला टाकला होता. शिंपीणकाकू माप घेता घेता थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हिची उजवी बाजू मागून वर आलीय, दोन्हीकडे एकच माप चालणार नाही." घरी येऊन तिला पुढे वाकायला लावलं. उजव्या पात्याखाली माझा तळवा भरेल एवढा उंचवटा. रोज तिची वेणी मी घालते, तरी मला कधी दिसलं नव्हतं. अजून ते मनातून जात नाही.

स्कोलिओसिस निघाला. छातीच्या भागात उजवीकडे ५२ अंश, रिसर ३ (हाडांची वाढ किती झाली ते सांगणारा आकडा), एमआरआय नॉर्मल. दोन सर्जनना दाखवलं, ऑपरेशन दोघंही सांगतात. ठाण्याचे म्हणतात, स्क्रू-रॉड घालून मणक्यांचा पीळ काढला की उंचवटा बराच बसेल, बरगड्यांना हात लावायची गरज नाही. वाशीचे म्हणतात, उंचवटा दिसण्याइतका राहील, म्हणून पाच बरगड्यांचे तुकडे काढू. थोराकोप्लास्टी म्हणतात त्याला.

लेक एकच विचारते, "कुबड जाईल ना?" बरगड्या कापल्या तर श्वासाचं काय होतं? आणि तिसरं मत कुठे घ्यावं? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

नेरूळ_फिजिओ

ताई, पहिल्यांदा हे सांगते की रोज वेणी घालताना न दिसणं अगदी नेहमीचं आहे. सरळ उभं असताना हा बाक लपतो, वाकल्यावर दिसतो. म्हणूनच तपासायची पहिली पायरी पुढे वाकवणं हीच असते.

५२ हा आकडा समोरून काढलेल्या एक्स-रेवर मोजलेला आहे. कणा डावी-उजवीकडे किती झुकला, एवढंच त्यातून कळतं. पण स्कोलिओसिसमध्ये मणके स्वतःभोवती फिरतातही, आणि बरगड्या मणक्यांनाच जोडलेल्या असल्यामुळे त्यांच्यासोबत फिरतात. बाकाच्या बाहेरच्या बाजूच्या बरगड्या मागे ढकलल्या जातात आणि आतल्या बाजूच्या पुढे. तुमच्या हाताला लागला तो उंचवटा म्हणजे त्या मागे आलेल्या बरगड्या. त्यामुळे एक्स-रेवरचा आकडा सारखा असलेल्या दोन मुलींच्या पाठी अगदी वेगळ्या दिसू शकतात. वाकलेल्या पाठीवर स्कोलिओमीटर ठेवून तिरकेपणा मोजतात. साधारण ७ अंशांच्या वर आला तर एक्स-रे काढायला सांगतात. तुमच्या रिपोर्टमध्ये हा आकडा नसेल तर पुढच्या वेळी आवर्जून मोजून घ्या, कारण थोराकोप्लास्टीचा प्रश्न त्याच्याशी जास्त जोडलेला आहे.

दोन्ही सर्जन आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पूर्वी हॅरिंग्टन रॉड असायचे. ते कणा लांबवत, पण पीळ फारसा काढू शकत नसत, त्यामुळे उंचवटा राहायचा आणि बरगड्या कापणं जास्त व्हायचं. आता प्रत्येक मणक्यात स्क्रू घालून तो मणका उलटा फिरवता येतो, बरगड्याही काही प्रमाणात मागोमाग येतात. प्रश्न उरतो तो मोठ्या आणि ताठ उंचवट्याचा. लेकीला बाजूला वाकवून काढलेल्या एक्स-रेवर बाक किती सुटतो ते सर्जनना विचारा.

अंगावर दूध-कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असतील तर तेही सांगा. न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा असे डाग येणारा जन्मजात आजार आहे, त्याच्या बाकात कधी कधी बरगडीचं टोक कण्याच्या नळीत शिरलेलं असतं. ते ऑपरेशनच्या आधीच कळायला हवं.

घोडबंदर_८८

आमच्या ओळखीत एकाला मालिश आणि लटकण्याने फरक पडला. ऑपरेशनची घाई का करायची? ब्रेस म्हणजे पाठीचा कडक पट्टाही असतो ना?

नेरूळ_फिजिओ

दादा, तुम्ही काळजीने लिहिलंय हे दिसतंय. पण मालिशने स्नायू मोकळे होतात, फिरलेला मणका जागेवर येत नाही. ब्रेस उपयोगी आहे, पण वाढ बाकी असताना आणि बाक साधारण २५ ते ४० अंशांत असताना. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेस लावलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० च्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. ५२ ला ती वेळ निघून गेली आहे. आणि छातीचा बाक ५० च्या वर गेला की वाढ थांबल्यावरही तो वर्षाला साधारण अंशभर सरकत राहू शकतो. चौदाव्या वर्षी हे फार महत्त्वाचं आहे.

कोपरी_पूर्व

मी यातून गेले आहे. २००९ साली, सोळा वर्षांची असताना. फ्यूजन (स्क्रू-रॉड घालून मणके एकमेकांना कायमचे जोडणं) आणि थोराकोप्लास्टी दोन्ही एकाच वेळी.

ऐरोलीची आई, कणा आणि बरगड्या यांचं दुखणं वेगळं असतं. कणा दुखतो तो जड, एकसारखा. बरगड्यांचं दुखणं श्वासासोबत येतं. दुसऱ्या दिवशी नर्सने हातात तीन निळ्या गोळ्यांचं ते फुंकणीसारखं यंत्र दिलं. आत श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. ऑपरेशनच्या आधी मी तिन्ही सहज उचलत होते, त्या दिवशी पहिलीसुद्धा हलली नाही. मी रडले, आई बाहेर जाऊन रडली. छातीच्या बाजूला नळीही होती, कारण बरगड्या काढताना फुफ्फुसाच्या आवरणाला भोक पडलं तर हवा किंवा रक्त साचू नये म्हणून ती ठेवतात. तिसऱ्या की चौथ्या दिवशी काढली. आठव्या दिवशी दोन गोळ्या वर गेल्या.

बरगडी अख्खी काढत नाहीत. कण्याजवळचा लहानसा तुकडा काढतात आणि वरचं पातळ आवरण तसंच ठेवतात, त्यातून नवं हाड भरतं. काढलेले तुकडे फ्यूजनसाठी कण्यावर कलम म्हणून वापरले, म्हणजे कमरेतून वेगळं हाड काढावं लागलं नाही. हे मला तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर भीती थोडी कमी झाली असती.

श्वासाचं खरं सांगायचं तर सुरुवातीला क्षमता कमी होते. माझी भरून यायला वर्षाहून जास्त लागलं. आज मी सकाळच्या लोकलने जाते, ठाणे स्टेशनचा पूल धावत चढते. उंचवटा हाताला किंचित लागतो, ब्लाउजमधून दिसत नाही. मला विचाराल तर माझ्यासाठी ते योग्य होतं. पण माझा उंचवटा मोठा आणि ताठ होता, स्क्रूही सगळ्या मणक्यांत नव्हते. तुमच्या लेकीला तेच लागेल असं मी म्हणणार नाही.

एक विनंती करते. निर्णयात तिला घ्या. "कुबड जाईल ना" हे तिने सर्जनना स्वतः विचारू दे आणि त्यांना तिच्याकडे बघून उत्तर देऊ दे.

खारघर_बाबा

थोडं विषयांतर, क्षमस्व. आमचं बाळ अकरा महिन्यांचं आहे, त्यालाही बाक सांगितलाय. डॉक्टर "बरगडीचा कोन" म्हणाले. ते काय असतं?

नेरूळ_फिजिओ

तान्ह्या बाळांचं गणित वेगळं. बाकाच्या मध्यावर सगळ्यात बाहेर गेलेल्या मणक्याशी दोन्ही बाजूंच्या बरगड्या कोणत्या कोनात जोडल्या आहेत ते मोजून त्यातला फरक काढतात. डॉ. मिन मेहता यांनी १९७२ मध्ये हे मांडलं. फरक २० अंशांच्या आत असेल तर बहुतेक वेळा बाक आपोआप सरतो. जास्त असेल तर वाढण्याची शक्यता असते आणि तेव्हा लवकर प्लास्टर सुरू करतात. पण बरगडीचं टोक मणक्याच्या सावलीवर चढलेलं दिसलं तर कोन कितीही असो, बाक वाढणारा मानतात. तुम्ही लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडेच जा, परळला वाडिया हॉस्पिटल आहे. उशीर करू नका.

कळवा_नाका

तिसऱ्या मतासाठी परळला केईएम आहे. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग मोठी असते. एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म सोबत न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. खाजगीत करणार असाल तर अंदाजपत्रक लेखी घ्या आणि इम्प्लांटचा खर्च वेगळा मांडायला सांगा, सगळ्यात मोठा आकडा तिथेच असतो. जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, ॲडमिट झाल्यावर नाही. आणि ऑपरेशन चालू असताना मज्जातंतूंवर नजर ठेवणारं न्यूरोमॉनिटरिंग आहे का, हे विचारल्याशिवाय तारीख घेऊ नका. आम्ही भावाच्या वेळी विचारलं नव्हतं. सगळं नीट झालं, पण नंतर कळलं तेव्हा हातपाय गार पडले.

ऐरोलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरं मत घेऊन आले. त्यांनी लेकीला वाकवून स्कोलिओमीटर लावला, १६ अंश. बाजूला वाकवून काढलेल्या एक्स-रेवर ५२ चा बाक २८ वर आला, म्हणजे बराच लवचिक आहे. ते म्हणाले, आधी स्क्रूने पीळ काढू. टेबलावर उंचवटा तरीही जास्त वाटला तर तेव्हाच बरगड्यांचं ठरवू, आणि त्याची संमती आधीच वेगळी लिहून घेऊ. फुफ्फुसाची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. न्यूरोमॉनिटरिंग आहे, विचारलं.

मग लेकीने स्वतः विचारलं, "कुबड जाईल?" ते म्हणाले, "पूर्ण जाईल असं सांगत नाही. बरंच कमी होईल. बरगड्या कापल्या तर आणखी कमी होईल, पण श्वासाला काही महिने त्रास होईल. तुला काय वाटतं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी नका कापू."

कोपरी_पूर्व, तुमचा प्रतिसाद तिने तीनदा वाचला. ते तीन गोळ्यांचं यंत्र आजच मेडिकलमधून आणलंय, आतापासून सराव करते म्हणते.