मदत हवी आहे: जीएमआर सेन्सरला करंटची दिशा का कळत नाही?

नमस्कार मंडळी,

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी फूटव्हॉल्व्हच्या खाली गेलं, मोटर रात्रभर कोरडी चालली आणि वाइंडिंग जळालं. ऐन पाण्याच्या दिवसांत बाबा आठवडाभर हात बांधून बसले. मोटर कोरडी पडली की करंट उतरतो, तो ओळखून मोटर बंद करणारं सर्किट मला बनवायचंय. वायर न कापता करंट मोजायचा म्हणून जीएमआर (जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात विद्युत रोध बदलणं) ब्रिज सेन्सर घेतला. डेटाशीटवर रेखीय पट्टा 1.5 ते 10.5 ओर्स्टेड आहे (चुंबकीय क्षेत्राचं एकक, हवेत 1 ओर्स्टेड म्हणजे 1 गॉस).

घरी दोन इस्त्र्या लावून बघितलं, साधारण साडेआठ अँपिअर. फेजची एकच वायर सेन्सरपासून 5 मिमीवर. (आधी अख्खी केबल धरली होती. फेज आणि न्यूट्रलची क्षेत्रं एकमेकांना मारतात, त्यात एक संध्याकाळ गेली.) हिशोबाने शिखराला जवळपास 5 गॉस यायला हवेत, म्हणजे पट्ट्यात बसतं. पण ऑसिलोस्कोपवर साइन वेव्ह नाहीच! सगळे उंचवटे शून्याच्या वर, सेकंदाला 100. सेलोटेपने छोटा चुंबक चिकटवल्यावर लाट खाली-वर होते, पण टेप जरा सरकली की शून्य हलतं.

हार्ड डिस्कच्या हेडमध्ये 1997 पासून जीएमआर आलं. तिथे दोन्ही दिशांची क्षेत्रं वेगळी ओळखू यायची ना? मग माझ्याच सेन्सरला काय झालंय?

प्रतिसाद १

सेन्सर ठणठणीत आहे. तुमच्याकडचा बहुस्तरीय प्रकार आहे. लोखंडासारख्या चुंबकीय धातूचे थर, मध्ये काही अणूंच्या जाडीचा अचुंबकीय थर. क्षेत्र नसताना शेजारचे चुंबकीय थर उलटसुलट दिशांना तोंड करून असतात, तेव्हा रोध जास्त. क्षेत्र डावीकडून येवो की उजवीकडून, थर एका दिशेला वळतात आणि रोध उतरतो. म्हणून तुमची लाट उलटी न होता दुमडते. फर्ट आणि ग्रुनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये लोह-क्रोमियमच्या थरांत हेच पाहिलं, 2007 चं नोबेल त्याचंच.

हार्ड डिस्कच्या त्या जीएमआर हेडमध्ये स्पिन व्हॉल्व्ह नावाची रचना असायची. तिच्यातला एक थर शेजारच्या प्रतिलोहचुंबकीय (शेजारच्या अणूंची चुंबकत्वं एकमेकांना रद्द करतात अशा) थराने जखडलेला, दुसरा मोकळा. जखडलेल्याच्या तुलनेत मोकळा कुठे वळला त्यावरून दिशा कळते.

पण तुम्हाला दिशा हवीय कशाला? कोरडी मोटर ओळखायला करंट किती एवढंच पुरे. चुंबक काढा, आउटपुट फिल्टर करून सरासरी घ्या. फक्त वायर आणि सेन्सर एपॉक्सीने पक्के बसवा, अंतर 1 मिमी बदललं तरी आकडा बदलेल.

मूळ लेखक

मनापासून आभार! चुंबक काढून आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टर लावला. एक इस्त्री आणि दोन इस्त्र्या यांचे आकडे स्वच्छ वेगळे येताहेत. रविवारी गावी जाऊन मोटरीच्या वायरवर बसवतो, रीडिंग इथेच टाकेन.